रंग दाराला, उजेड भिंतीला

मलकापूर सोडून नांदुऱ्याकडे निघाले की जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर, ज्याचा क्रमांक आता ५३ झाला आहे, वडनेर भोलजी लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन तुकडे केले आहेत. घाटावर उन्हाळा सोसवतो; घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना सहज टेकतो. वडनेरसारख्या घाटाखालच्या गावांमधून मातीची, धाब्याची घरे भराभर जाऊन विटा-सिमेंटची घरे आली, आणि त्याबरोबर घराच्या आतल्या रंगांची वाटणीही पालटली. जुन्या घरात भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली असे किंवा चुन्याची असे, आणि रंग काय तो दाराच्या फळ्यांना नि चौकटीला मिळे: आस्मानी, हिरवा, कधी पिवळा. आता भिंती गुलाबी, पोपटी, जांभळ्या झाल्या आहेत. बैठकीतली एक भिंत ‘हायलाइट’ म्हणून मरून किंवा चॉकलेटी असते. दार मात्र तपकिरी सनमायकाचे, सगळ्या घरांत एकसारखे. ही अदलाबदल उलटी झाली आहे असे माझे मत आहे. आतल्या भिंतीला उजेड पसरवण्याचे काम द्यावे आणि हौसेचा रंग दारावर खर्च करावा. जुन्या घरांविषयीच्या हळहळीतून मी हे म्हणत नाही. त्यामागे हिशेब आहे, रसायन आहे आणि म्हाताऱ्या डोळ्यांची सोयही आहे.

आधी उजेडाचे पाहू. घाटाखालचे घर उन्हाळ्यात सकाळी दहा-साडेदहाला खिडक्या लावून घेते आणि दिवस कलल्यावरच उघडते. त्या सात-आठ तासांत आत येणारा उजेड दाराच्या फटीतून, एखाद्या झरोक्यातून किंवा अर्ध्या उघड्या झडपेतून येतो. हा उजेड थेट आपल्या कामावर पडत नाही. तो एका भिंतीवर आपटतो, तिथून दुसऱ्या भिंतीवर, छतावर, आणि मग ताटातल्या तांदळावर किंवा मुलाच्या वहीवर पोचतो. ताजा चुना किंवा अगदी फिका रंग अंगावर पडलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के परत फेकतो. मध्यम गडद गुलाबी किंवा हिरवा ४० टक्क्यांच्या आसपास फेकतो आणि मरून तर १० टक्क्यांच्या घरात. एका आपटीत ८० आणि ४० यांतला फरक फक्त दुपटीचा वाटतो, पण उजेड तीन भिंतींवर आपटून पुढे गेला तर पांढऱ्या खोलीत मूळ उजेडाचा अर्धा भाग शिल्लक राहतो आणि गुलाबी खोलीत जेमतेम सहा टक्के. आठ पटींचा फरक. खिडकी तीच, ऊन तेच. भर दुपारी दिवा लावावा लागतो तो भिंतीमुळे. वीज गेली असेल तर तेही नाही.

दुकानातल्या शेडकार्डावर हे कळत नाही, कारण कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो आणि त्याच्याभोवती पांढरा कागद असतो. तोच रंग चार भिंतींना लागला की समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंगीत उजेड टाकू लागतात. गुलाबीवरून परतलेला उजेड गुलाबीच असतो, तो पुन्हा गुलाबीवर पडतो, आणि कार्डावर फिका दिसलेला रंग खोलीत दोन शेड गडद होऊन बसतो. पोपटी खोलीत तर बसलेल्या माणसांचे चेहरेही आजारी दिसू लागतात. रात्री आणखी घोळ होतो. गावाकडच्या घरांत बहुतेक पांढरे, निळसर झाक असलेले एलईडी दिवे आहेत. त्यांच्याखाली क्रीम रंगाचा उबदारपणा जातो आणि तो राखाडीकडे झुकतो. म्हणून रंग ठरवायचाच असेल तर पाव लिटर आणून, दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारून, ते सकाळी, झडपा लावलेल्या दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावेत. रंगाऱ्याला हा उद्योग आवडत नाही. भिंतीकडे पुढची पाच-सात वर्षे त्याला पाहायचे नसते, हेही खरे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण माझ्याच बाजूचे लोक तो पसरवतात. आतून फिका रंग दिला की घर थंड राहते, हे जवळजवळ खोटे आहे. उष्णता घरात शिरते ती मुख्यतः उन्हात तापलेल्या स्लॅबमधून, पत्र्यातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. आतला पृष्ठभाग कोणत्या रंगाचा आहे याने तिला फारसा फरक पडत नाही. बाहेरचा पडतो. अहमदाबादने २०१३ साली उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देण्याची मोहीम हाती घेतली, ती याच कारणासाठी. तेव्हा घरात चुन्याची एकच बादली असेल तर ती आधी स्लॅबवर जावी. आतल्या भिंतीचा नंबर दुसरा. आत फिका रंग हवा तो उजेडासाठी.

उजेड बाजूला ठेवला तरी भिंत आणि दार यांची घडणच वेगळी आहे, आणि तीही हीच वाटणी सुचवते. सिमेंटचा गिलावा नवा असताना तीव्र अल्कधर्मी असतो. त्यावर घाईने ऑइल पेंट मारला तर रंगातल्या तेलाची आणि गिलाव्यातल्या अल्कलीची गाठ पडते, आणि साबण बनवताना जे घडते तेच भिंतीवर घडते. रंग चिकट होतो, डाग धरतो, सुटतो. चुन्याला ही भीती नाही, तो स्वतःच अल्कधर्मी आहे. भिजवलेली कळी भिंतीवर लागली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत ती पुन्हा चुनखडीसारखी कठीण होते, आणि तिच्या अल्कधर्मीपणामुळे बुरशीही सहसा धरत नाही. दुसरी गोष्ट खास या मुलखाची. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. त्या पट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारट, आणि बांधकामाला, भिंतीवर मारायला पुष्कळदा तेच पाणी वापरले जाते. ते क्षार गिलाव्यात मुरतात, ओल सुकताना पृष्ठभागाकडे येतात, आणि भिंतीला लोणा लागतो. चुन्याची भिंत या ओलीची वाफ बाहेर जाऊ देते. क्षार पांढरी भुकटी होऊन वर येतो, तो ब्रशने झाडला आणि पुन्हा एक हात मारला की झाले. ऑइल पेंट किंवा जाड प्लॅस्टिक पेंट वाफेला वाट देत नाही. मग क्षार रंगाच्या मागे साठतो, आणि दोन पावसाळ्यांत गुडघ्याच्या उंचीपर्यंत पोपडे सुटतात. लोक रंगाच्या कंपनीला किंवा रंगाऱ्याला शिव्या देतात. पाण्याला कोणी देत नाही.

लाकडात अल्कली नसते, आणि त्याला उन्हा-पावसापासून बंदिस्त करणारा थर हवाच असतो. त्यामुळे तेलरंग शोभतो तो दाराला. तेलरंगाचा जुना आधार म्हणजे जवसाचे तेल, रंगारी आणि सुतार ज्याला बेलतेल म्हणतात ते. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते वाळते आणि कडक पापुद्रा धरते. विदर्भाने पिढ्यान्‌पिढ्या रब्बीत जवस पेरला आहे. आजच्या इनॅमलमध्ये निव्वळ जवसाऐवजी अल्किड रेझिन असते, पण तेही तेलातूनच बनते आणि त्यासाठी सोयाबीनचे तेलही वापरतात. बैठकीची खोली दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंच धरली तर भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. तीन बाय सात फुटांचे दार २१ चौरस फूट, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. दाराला कितीही गडद निळा, हिरवा, शेंदरी द्या, खोलीच्या उजेडाला धक्का लागत नाही. इनॅमलचा लिटरचा डबा एका दाराच्या दोन्ही अंगांना दोन-दोन हातांसाठी साधारण पुरतो. रंग आवडला नाही किंवा कंटाळा आला तर पोरीच्या लग्नाआधी तेवढे एक दार बदलता येते. चार भिंती बदलायला पुट्टी, प्रायमर, मजुरी आणि आठवडाभराची उलथापालथ लागते. चूक करायची तर ती स्वस्तात दुरुस्त होईल अशा जागी करावी.

आणि दारावर गडद रंग असण्याचा खरा फायदा घरातल्या म्हाताऱ्यांना होतो. वय वाढते तसे बुबुळामागचे भिंग पिवळट होते, बाहुली लहान होते, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मोतीबिंदूची गोष्ट आणखी वेगळी. अशा डोळ्यांना रंगछटांपेक्षा उजळ-गडद यांतला भेद आधी कळतो. इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून ब्रिटनमध्ये जी मानके आहेत, त्यांत भिंत आणि दार यांच्या उजेड परत फेकण्याच्या क्षमतेत किमान ३० अंकांचा फरक असावा असे सुचवलेले आहे. चुन्याची भिंत ८० आणि गडद निळे दार १५ असेल तर तो फरक दुपटीहून जास्त होतो. मध्यम गडद गुलाबी भिंत आणि तपकिरी सनमायका यांच्यात तो बहुतेक वेळा अपुरा पडतो. रात्री उठून न्हाणीकडे जाणाऱ्या आजीला चौकट चटकन दिसणे ही सजावटीची बाब नाही. पडून खुब्याचे हाड मोडले तर खामगाव-अकोल्याच्या फेऱ्या कोणाला चुकतात?

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: पांढरी भिंत मळते. मुलांचे हात, डोक्याचे तेल, पाठी टेकून बसणे, वर चुना कपड्यांना लागतो. आक्षेप खरा आहे, पण उपाय जुन्या घरांनीच करून ठेवला आहे. भिंत जिथे हाताला आणि पाठीला भेटते तिथपर्यंत, जमिनीपासून तीन-साडेतीन फूट, वेगळा पट्टा द्यायचा. पूर्वी तो गेरूचा असे, नंतर ऑइल पेंटचा झाला. भिंत कोरडी असेल तर पट्टा धुण्याजोग्या रंगाचा ठेवावा. लोणा लागणारी असेल तर तिथेही चुनाच, रंग घालून. वरच्या साडेसहा फुटांना कोणाचा हात लागत नाही, आणि उजेड फिरवण्याचे बरेचसे काम वरचाच भाग आणि छत करते. चुना पाठीला लागतो तो नुसता पाण्यात कालवून मारला तर. त्यात सरस किंवा डिंक घातला की तो बराच धरून राहतो. ज्यांना चुना नकोच, त्यांनी फिके डिस्टेंपर किंवा इमल्शन घ्यावे. माझा आग्रह फिकेपणाचा आहे, चुन्याचा फक्त खारट भिंतींपुरता. शिवाय गडद भिंत मळत नाही असे नाही, तिच्यावर मळ दिसत नाही एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो सहसा तोंडावर कोणी बोलत नाही. चुना म्हणजे गरिबी. ज्या घराने तीन पिढ्या पांढरी माती कालवली, त्या घरातला पोरगा पुण्यात किंवा सुरतेत कमावून घर बांधतो तेव्हा त्याला भिंतीवर ती कमाई दिसायला हवी असते, आणि त्याला ‘पांढरेच बरे’ सांगणारा शहाणा बहुधा स्वतः शहरात एसीखाली बसलेला असतो. हा टोमणा मला मान्य आहे. पांढऱ्या भिंतींची शहरी हौस बरीचशी मासिकांतल्या फोटोंमधून आली आहे, आणि त्या फोटोंत छतापासून जमिनीपर्यंत काचेच्या खिडक्या असतात. रंगाची भूक खरी आहे आणि तिला हिणवण्यात अर्थ नाही. भारतातल्या रंगाच्या कंपन्यांनी ती फार लवकर ओळखली होती. एशियन पेंट्सने १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांच्याकडून रंगाचा डबा-ब्रश घेतलेला गट्टू नावाचा पोरगा चितारून घेतला आणि तो गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसू लागला. पण हौस आणि तिची जागा या दोन गोष्टी आहेत. कमाई दिसायची असेल तर ती रस्त्यावरून दिसणाऱ्या दारावर जास्त दिसते. बैठकीतल्या मरून भिंतीसमोर टीव्ही लागतो आणि मग ती भिंत दिसेनाशीच होते. अंजिरी दार आणि चंदनी चौकट असलेले घर गल्लीत ओळखू येते. सनमायकाचे दार शेजारच्या दारापेक्षा वेगळे काढता येत नाही, महाग असले तरी.

तिसरा आक्षेप शहरातल्या सजावटकारांचा. लहान घरात दार भिंतीच्याच रंगाचे ठेवावे, म्हणजे खोली तुटत नाही, मोठी वाटते. एकाच खोलीला चार-पाच दारे असतील तर त्यांचे बरोबर आहे. न्हाणीचे, अडगळीचे, कपाटाचे दार भिंतीत विरून गेले तर काही बिघडत नाही, पाचही दारे रंगवली तर जत्रा होईल. पण वडनेरसारख्या गावातल्या घरात आतली दारे दोन किंवा तीन, आणि प्रत्येक दार कोणाच्या ना कोणाच्या वावराचे. तिथे दार लपवण्याने काहीच साधत नाही. फक्त घरात म्हातारे कोणी असेल तर न्हाणीच्या दाराला ही सूट देऊ नये. वास्तुशास्त्राचे म्हणाल तर दिशेनुसार रंग सांगणाऱ्या पुस्तकांशी भांडण्याची गरज नाही. ईशान्येला पिवळा सांगितला असेल तर फिका पिवळा द्या, आग्नेयेला लाल सांगितला असेल तर त्या बाजूचे दार लाल करा. तिथे लाल भिंतच हवी असा हट्ट धरून बसलेला वास्तुपंडित निदान माझ्या पाहण्यात नाही.

दाराचा रंग म्हणताना एक इशारा टाळता येत नाही, आणि तो माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातो हे मान्य करूनच तो देतो. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, शेंदरी आणि लाल छटांत, शिशाची संयुगे असत. दार रोज उघडते-मिटते, चौकटीला घासते, आणि त्या घासण्यातून बारीक धूळ पडते. रांगणारे मूल तीच धूळ हाताने तोंडात घालते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि त्याची सुरक्षित पातळी कोणती, हे आजवर कोणी ठरवू शकलेले नाही. भारत सरकारने २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त ठेवण्यास मनाई केली. म्हणजे त्याआधीचे दार असेल तर त्यावर काय आहे याची खात्री नाही. ते कोरडे घासू नये, मशीन तर लावूच नये. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने हलके घासावे, खरवड गोळा करून पिशवीत बांधावी, आणि ते दोन दिवस मुलांना मामाकडे पाठवावे. डबा घेताना त्यावर शिशाविषयीची सूचना छापलेली आहे का ते पाहावे. खुला, मापून विकलेला रंग दारासाठी घेऊ नये. एवढी काळजी घेतल्यावर गडद दारातला धोका बराच कमी होतो.

मुहूर्ताचाही विचार व्हावा. वऱ्हाडात घर रंगवायचे ते महालक्ष्म्यांच्या आधी, म्हणजे भाद्रपदात, किंवा फार तर दिवाळीला. भाद्रपदात भिंती पावसाने भरलेल्या असतात. चुना थोडी ओल खपवून घेतो. त्या भिंतीवर ऑइल पेंट किंवा जाड प्लॅस्टिक पेंट मारणे म्हणजे ओल आत कोंडणे. दाराचे लाकूड तर तेव्हा फुगलेले असते. त्यावर मारलेला इनॅमल लाकूड आकसल्यावर सांध्यांपाशी तडकतो. भिंतीवर महालक्ष्म्यांआधी चुन्याचा हात आणि दारांचे काम मार्च-एप्रिलमध्ये, असे दोन भाग केले तर दोन्ही टिकतात, आणि खर्चही एका महिन्यात अंगावर येत नाही.

शेवटचा प्रश्न निवड कोण करते याचा. नांदुऱ्याच्या किंवा मलकापूरच्या दुकानात शेडकार्ड उलटणारा बहुधा घरातला पुरुष असतो, सोबत रंगारी, आणि बोलणे ‘भाऊ, हा सध्या चालतो’ यावर संपते. झडपा लावलेल्या घरात दुपारभर बसणाऱ्या बाया, म्हातारी माणसे आणि सुट्टीतली मुले दुकानात नसतात. तांदूळ निवडायला, सुईत दोरा ओवायला, वाचायला उजेड लागतो तो त्यांनाच. हे सर्वांत तीव्रतेने जाणवते ते घरकुलात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. सपाट भागासाठी केंद्राने ठरवलेले अर्थसाहाय्य १ लाख २० हजार रुपये होते. ते भिंती आणि छतातच संपते, आणि रंगापर्यंत पैसा पोचत नाही. मग कित्येक घरकुले वर्षानुवर्षे उघड्या सिमेंटच्या करड्या गिलाव्यावर राहतात, जो मध्यम गडद गुलाबीपेक्षाही कमी उजेड परत देतो. अशा घराला ‘हायलाइट’ भिंत नको आहे. त्याला चुन्याचे एक पोते, दोन ब्रश, एक दिवसाचे घरचेच श्रम आणि पुढच्या हंगामात दारासाठी इनॅमलचा एक डबा एवढेच हवे आहे. डब्याचा रंग घरातल्या बाईला किंवा सुनेला निवडू द्यावा.